दात ठणकायच्या आधीच दवाखाना गाठा : पंचतारांकित एमआयडीसीतल्या कामगारांसाठी दातांच्या उपचारांची सगळी माहिती

कागल : कागल आणि हातकणंगले तालुक्यांच्या हद्दीवर पसरलेल्या पंचतारांकित एमआयडीसीत कापड, इंजिनिअरिंग, फौंड्री अशा कारखान्यांत पाळ्यांमध्ये काम चालतं. कसबा सांगाव, तळंदगे, हुपरी, यळगूड, पट्टणकोडोली या आसपासच्या गावांतून आणि सीमाभागातूनही माणसं इथं कामाला येतात. यातल्या बहुतेकांचा दाताच्या डॉक्टरशी संबंध येतो तो दाढ ठणकायला लागल्यावरच. आधी लवंग, मग मेडिकलमधून आणलेली गोळी, मग आणखी एक गोळी. ठणका थांबला की विषय संपला. सहा महिन्यांनी तीच दाढ सुजते आणि शेवटी काढावी लागते.

यात पैसे जातात, खाडे पडतात आणि दातही जातो. दातांचं साधं गणित असं, की जोवर दुखत नाही तोवर उपचार स्वस्त, सोपा आणि एका फेरीत होणारा असतो. दुखायला लागलं की खर्च, फेऱ्या आणि त्रास तिन्ही वाढतात. कोणत्या टप्प्यावर कोणता उपचार असतो, त्याला किती फेऱ्या लागतात आणि सरकारी सोय कुठं आहे, याची ही माहिती.

दात किडतो म्हणजे काय होतं?

दाताला तीन थर असतात. वरचं पांढरं कवच म्हणजे एनॅमल. शरीरातली ही सगळ्यात कडक गोष्ट, पण तिला जाणीव नसते. त्याखाली पिवळसर थर असतो, त्याला डेंटिन म्हणतात. आणि मधोमध पोकळीत नस व रक्तवाहिन्या असतात, त्यालाच लोक ‘नस’ म्हणतात.

आपण गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की तोंडातले जंतू त्यातल्या साखरेपासून आम्ल तयार करतात. हे आम्ल कवचातला चुना विरघळवतं. लाळ ते नुकसान भरून काढत असते, पण तिला वेळ मिळाला पाहिजे. दर तासाला तोंडात गोड जात असेल तर तो वेळच मिळत नाही. मग आधी पांढरा डाग, नंतर काळा खड्डा, नंतर भोक.

कीड वरच्या कवचात असते तोवर काहीच दुखत नाही. डेंटिनमध्ये गेली की गार पाणी किंवा गोड लागलं की कळ येते. नसेपर्यंत पोचली की रात्री आडवं झाल्यावर ठणका लागतो. नस मेली की दुखणं अचानक थांबतं. इथंच फसगत होते. माणसाला वाटतं बरं झालं, पण आत पू होत असतो आणि तो मुळाखालच्या हाडात उतरतो.

आधीच करायचे उपाय

ब्रश : दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. त्यातली रात्री झोपण्याआधीची वेळ जास्त महत्त्वाची, कारण झोपेत लाळ कमी सुटते. रात्रपाळी करणाऱ्यांनी ‘रात्री’ म्हणजे घड्याळातली रात्र धरू नये. सकाळी घरी येऊन झोपणार असाल तर झोपण्याआधी ब्रश करा. ब्रश मऊ दातऱ्यांचा घ्या आणि तीन महिन्यांनी किंवा दातरे फाकले की बदला. जोरात आडवं घासल्यानं दात हिरडीपाशी झिजतो.

पेस्ट : फ्लोराईड असलेली घ्या, ते ट्यूबवर लिहिलेलं असतं. फ्लोराईडमुळं कवच मजबूत होतं आणि सुरुवातीचा पांढरा डाग पुन्हा भरूनही येऊ शकतो. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. घासून झाल्यावर थुंकून टाका, पण लगेच भरपूर चुळा भरू नका. राखुंडी, विटेची पूड, मीठ यांनी दात खरवडून निघतात आणि फ्लोराईडचा फायदाही मिळत नाही. राज्यात विदर्भ-मराठवाड्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराईड जास्त असतं आणि तिथं दातांवर डाग पडतात. तो प्रश्न पिण्याच्या पाण्याचा आहे, पेस्टचा नाही.

चहा : कारखान्यात पाळीला चार-पाच वेळा गोड चहा होतो. एकूण साखरेइतकंच ती कितीदा तोंडात जाते हे महत्त्वाचं. चहा दोन वेळेवर आणा, किंवा बिनसाखरेचा घ्या. नाहीतर निदान चहानंतर पाण्यानं चूळ भरा. गूळ कोल्हापूरचा असला आणि सेंद्रिय असला तरी दाताच्या बाबतीत साखरेचाच भाऊ आहे. चिक्की, बिस्किट, वेफर दातात चिकटून राहतात, म्हणून ते जास्त वाईट.

मुलांची सहाव्या वर्षीची दाढ : ही गोष्ट प्रत्येक आई-बापानं लक्षात ठेवावी. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागं एक नवी दाढ येते. आधीचा कोणताही दात न पडता ती येते, म्हणून घरचे तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी ‘पडेल आणि नवीन येईल’ म्हणून सोडून देतात. ती कायमची असते. ती गेली की पुन्हा येत नाही. या दाढेवरच्या खोल चिरा भरून टाकायचा एक सोपा उपचार आहे, त्याला सीलंट म्हणतात. दुखत नाही, इंजेक्शन लागत नाही, काही मिनिटांत होतो. मुलांच्या दातांना फ्लोराईडचा लेपही लावतात. त्याला वार्निश म्हणतात आणि तो साधारण सहा महिन्यांनी पुन्हा लावतात. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा आणि अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी होते, त्यात दातही बघतात. पथकानं चिठ्ठी दिली तर ती दप्तरात ठेवून देऊ नका, पुढं दवाखान्यात जा.

सफाई : दातांवर साचलेला थर पुढं दगडासारखा कडक होतो. तो ब्रशनं निघत नाही. त्यामुळं हिरड्या सुजतात, ब्रश करताना रक्त येतं, तोंडाला वास येतो आणि पुढं हाड झिजून दात हलायला लागतात. डॉक्टर मशिननं हा थर काढतात, त्याला स्केलिंग म्हणतात. ‘सफाई केली की दात हलतात’ हा मोठा गैरसमज आहे. दात आधीच सैल झालेला असतो, मधल्या थरानं तो धरलेला असतो, थर काढल्यावर सैलपणा जाणवतो इतकंच. थर तसाच ठेवला तर हाड आणखी झिजतं. सफाईनंतर काही दिवस गार लागल्यावर शिणका येतो, तो कमी होतो. मधुमेह असलेल्यांनी हिरड्यांकडं खास लक्ष द्यावं. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात येत नाही.

कामाच्या ठिकाणच्या सवयी : धागा दातानं तोडणं, वायरचं कव्हर दातानं सोलणं, खिळा-टाचणी दातात धरणं यानं पुढच्या दातांना खाच पडते किंवा टवका उडतो. प्लेटिंग, बॅटरी किंवा आम्लानं धातू साफ करायच्या कामात वाफेनं पुढचे दात पातळ होत जातात. अशा कामावर मास्क फुफ्फुसांसाठी तर लागतोच, दातांसाठीही लागतो.

मशेरी, तंबाखू आणि तोंडातला डाग

कागलच्या शेजारी निपाणीचा तंबाखूपट्टा. या भागात घरोघरी बायका मशेरी लावतात आणि ती दात घासायची पूड समजतात. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. तिच्यानं दात स्वच्छ होत नाहीत, उलट हिरड्या मागं सरतात, दातांची मुळं उघडी पडतात आणि सवय सुटत नाही. दात घासायच्या पेस्टमध्ये किंवा पावडरमध्ये तंबाखू घालायला देशात १९९२ पासून बंदी आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी दोन्ही चालूच आहेत.

पुरुषांत रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून गालात तंबाखूची गोळी धरायची सवय दिसते. भारतात पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर तोंडाचा आहे. म्हणून महिन्यातून एकदा आरशासमोर उजेडात तोंड उघडून बघा. गालाच्या आत, जिभेच्या कडेला, जिभेखाली पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, दोन आठवड्यांत भरली नाही अशी जखम आहे का, तोंडात आपलीच तीन बोटं उभी जात नाहीत का, हे तपासा. यातलं एकही असेल तर दुखत नसलं तरी डॉक्टरला दाखवा. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा केंद्र सरकारचा मोफत नंबर आहे.

फिलिंग : वेळेत गेलात तर एका फेरीत काम

कीड नसेपर्यंत पोचली नसेल तर डॉक्टर किडलेला भाग कोरून काढतात आणि खड्डा भरतात. यालाच लोक ‘सिमेंट भरणं’ म्हणतात. अर्धा-पाऊण तास लागतो. खोल असेल तर भूल देतात. भरायचे तीन प्रकार आहेत.

पहिला, दाताच्या रंगाचा मसाला. त्याला कंपोझिट म्हणतात. निळ्या लाईटनं लगेच घट्ट होतो आणि पुढच्या-मागच्या दोन्ही दातांना चालतो. दुसरा, ग्लास आयनोमर सिमेंट. दाताला चिकटतं आणि थोडं थोडं फ्लोराईड सोडतं. मुलांच्या दातांना आणि मुळाजवळच्या खड्ड्यांना चांगलं, पण चावायच्या जागी लवकर झिजतं. तिसरा, चांदीचा मसाला. मजबूत असतो, पण त्यात पारा असतो. म्हणून तो आता मागं पडत चाललाय. पंधरा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना तो टाळायला सांगितलं जातं.

लहान मुलं खुर्चीत बसत नसतील किंवा म्हाताऱ्या माणसाला कोरणं झेपत नसेल तर किडीवर चांदीयुक्त फ्लोराईडचं औषध लावतात. कीड तिथंच थांबते, फक्त तो भाग काळा पडतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये फ्लोराईड पेस्ट, हे औषध आणि ग्लास आयनोमर सिमेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. म्हणजे दात वाचवायची मुख्य साधनं महागडी नाहीत, साधी आहेत.

रूट कॅनल : नस गेली तरी दात वाचतो

रात्री ठणका, गरम पिल्यावर कळ, चावताना दुखणं, हिरडीवर पुळी ही नस खराब झाल्याची लक्षणं. मग फिलिंग चालत नाही. डॉक्टर भूल देऊन दाताला वरून भोक पाडतात, आतली खराब नस काढतात, मुळांच्या नळ्या साफ करतात आणि त्यात गट्टापर्चा नावाचा रबरासारखा पदार्थ भरतात. दात जागेवर राहतो, दुखणं जातं.

भूल दिल्यावर हा उपचार सहसा दुखत नाही. दुखतं ते उशीर केल्यामुळं. आत खूप पू असेल तर भूल नीट लागत नाही. म्हणून ‘जास्त दुखेल तेव्हा जाऊ’ हा विचार उलटा पडतो.

अर्ध्यावर सोडायचं नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या फेरीत ठणका थांबतो आणि डॉक्टर तात्पुरतं सिमेंट लावून पाठवतात. अनेकजण पुढं जातच नाहीत. ते सिमेंट निघतं, जंतू आत शिरतात आणि सगळं पाण्यात जातं. काम पूर्ण झाल्यावर दाढेला कॅप बसवणंही तितकंच गरजेचं. नस काढलेली, आतून पोखरलेली दाढ भाकरी किंवा शेंगदाणा चावताना उभी चिरते, आणि चिरलेली दाढ काढण्याशिवाय बहुतेक वेळा इलाज नसतो. कॅप धातूची, धातूवर सिरॅमिकची किंवा झिर्कोनियाची असते. मागच्या दाढेला दिसण्यापेक्षा ताकद बघावी. धातूची कॅप स्वस्त पडते आणि टिकते.

गोळीबद्दल : अँटिबायोटिक गोळीनं सूज तात्पुरती उतरते, पण किडलेला भाग आत तसाच राहतो. दुखणं थांबवायच्या गोळ्या आठवडेच्या आठवडे खाल्ल्या तर पोट आणि किडनीवर परिणाम होतो. गोळी हिरडीवर ठेवू नये, तिथं भाजतं. सुजेवर बाहेरून शेकू नये, गार पट्टी ठेवावी.

दात काढायचा झाला तर

मूळ पूर्ण किडलंय, दाढ उभी चिरलीय, हाड संपून दात लोंबतोय किंवा अक्कलदाढ आडवी आलीय अशा वेळी दात काढावा लागतो. डॉक्टरनं काढायला सांगितलं तर ‘वाचवता येईल का?’ हे एकदा विचारा. तसंच वाचणारा दात स्वस्तात सुटावं म्हणून काढायला लावू नका. एक दाढ काढली की शेजारच्या कलतात, समोरची खाली उतरते आणि पुढचा खर्च वाढत जातो.

काढण्याआधी सांगायच्या गोष्टी : रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा आजार, रक्त पातळ व्हायची गोळी, औषधाची ॲलर्जी, गरोदरपण. रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनानं बंद करू नका. रात्रपाळी करून उपाशीपोटी थेट दात काढायला जाऊ नका, चक्कर येते. काहीतरी खाऊन, शक्य असेल तर झोप काढून जा.

काढल्यावर कापूस अर्धा ते पाऊण तास दाबून धरा. दिवसभर थुंकू नका, चूळ भरू नका, स्ट्रॉनं पिऊ नका. जागेवर जमलेली रक्ताची गाठ हीच त्या जखमेची मलमपट्टी असते. बिडी, तंबाखू, मशेरी निदान तीन दिवस पूर्ण बंद. ती गाठ निघाली तर दोन-चार दिवसांनी कानापर्यंत कळ जाते, तेव्हा परत डॉक्टरकडं जावं लागतं. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्यानं हळू चुळा भरा.

गेलेला दात परत बसवायचा तर

काढ-घाल करायची छोटी कवळी सगळ्यात स्वस्त. रोज रात्री काढून धुवून पाण्यात ठेवायची. ब्रिज म्हणजे शेजारच्या दोन दातांना घासून कॅप करून मधला दात जोडणं. पक्का बसतो, पण दोन चांगले दात घासावे लागतात. इम्प्लांट म्हणजे हाडात धातूचा खिळा बसवून त्यावर दात. सगळ्यात महाग आणि वेळखाऊ. बिडी-तंबाखू चालू असेल तर तो फसण्याचा धोका वाढतो. सगळेच दात गेलेल्यांना पूर्ण कवळी. नवी कवळी सवय व्हायला काही आठवडे लागतात. टोचत असेल तर स्वतः तासू नका, डॉक्टरकडून घासून घ्या.

कशाला किती फेऱ्या?

कामगारासाठी हा हिशेब उपचाराच्या खर्चाइतकाच मोठा. साधारण असं धरून चाला.

– तपासणी आणि एक्स-रे : एक फेरी
– सफाई : एक. हिरडीचा आजार वाढलेला असेल तर दोन-तीन
– फिलिंग : एक
– रूट कॅनल : एक ते तीन
– कॅप : दोन, मध्ये साधारण आठवडा
– दात काढणं : एक. टाके असतील तर आठवड्यानं आणखी एक
– ब्रिज : दोन-तीन
– पूर्ण कवळी : चार-पाच
– इम्प्लांट : तीन ते सहा महिन्यांत टप्प्याटप्प्यानं

म्हणजे फिलिंगच्या टप्प्यावर गेला तर अर्ध्या तासात मोकळा. तीच दाढ रूट कॅनल आणि कॅपवर गेली तर तीन ते पाच फेऱ्या. सरकारी ओपीडी सकाळची असते. त्यामुळं दुसरी पाळी असेल त्या आठवड्यात तपासणी उरकली तर खाडा न करता काम होतं. पहिल्या पाळीच्या आठवड्यात संध्याकाळी चालू असणारे खासगी दवाखाने सोयीचे. भूल दोन-तीन तास राहते. तेवढा वेळ गरम चहा घेऊ नका आणि त्या बाजूनं चावू नका, गाल-ओठ चावला गेलेला कळत नाही.

सोय कुठं आहे?

ईएसआय : महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचा ईएसआय कापला जातो. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के. १५,००० पगार असेल तर कामगाराचे साधारण ११३ रुपये महिन्याला जातात. हे पैसे दर महिन्याला कापले जातात, पण दातासाठी ईएसआय वापरता येतो हेच अनेकांच्या डोक्यात येत नाही. उपचाराचा हक्क कामाला लागल्या दिवसापासून असतो, आणि नोंद केलेल्या घरच्या माणसांनाही असतो. ठेकेदाराकडं काम करणाऱ्यांनाही हा नियम आहे. आपला नंबर पगाराच्या चिठ्ठीवर बघा, नसेल तर ऑफिसात मागा. ई-पहचान कार्ड काढून घरच्यांची नावं आणि आधार जोडून घ्या. आधी आपल्या नेमून दिलेल्या दवाखान्यात जायचं, तिथून गरजेनुसार पुढं पाठवतात. कोल्हापुरात ईएसआयसीचं रुग्णालय आहे. जायच्या आधी दातांचे डॉक्टर कोणत्या वारी असतात आणि तुम्हाला हवा तो उपचार तिथं होतो का, हे विचारून घ्या. चौकशीचा मोफत नंबर १८००-११-२५२६. सूज, ताप यामुळं कामावर जाता येत नसेल तर डॉक्टरचा दाखला घ्यायला विसरू नका.

सरकारी दवाखाने : १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. कागलचं ग्रामीण रुग्णालय यात येतं. दंतवैद्य कोणत्या वारी असतात ते विचारून जा. कोल्हापूरचं सीपीआर वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, तिथं दंत विभाग आहे.

डेंटल कॉलेज : हातकणंगले तालुक्यात नवे पारगाव इथं तात्यासाहेब कोरे डेंटल कॉलेज आहे. कॉलेजमध्ये शिकणारे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. वेळ जास्त लागतो, पण कॉलेजचे दर साधारणपणे खासगी दवाखान्यापेक्षा कमी असतात. कॅप, कवळी, रूट कॅनल अशा मोठ्या खर्चाच्या कामासाठी ही वाट बघण्यासारखी आहे.

खासगी दवाखाना : बीडीएस किंवा एमडीएस पदवी आणि दंत परिषदेचा नोंदणी नंबर लावलेला आहे का बघा. नोंदणीशिवाय दातांचे उपचार करायला कायद्यानं मनाई आहे. हत्यारं निर्जंतुक केलेल्या पाकिटातून काढतात का, सुई नवीन घेतात का याकडं लक्ष द्या, विचारायला लाजू नका. एकूण किती फेऱ्या आणि सगळ्याचा मिळून किती खर्च, कॅप धरून की सोडून, हे आधीच कागदावर लिहून घ्या. बाजारात, जत्रेत बसून दातातली ‘कीड’ चिमट्यानं काढून दाखवणाऱ्यांकडं जाऊ नका. दातात अळी नसते. ती हातचलाखी असते.

लगेच धावायचं कधी?

दात मुळासकट पडला तर : मशिनवरचा अपघात असो, तालमीतला असो की शाळेच्या मैदानावरचा. पडलेला कायमचा दात वरच्या पांढऱ्या भागाला धरा, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर नुसत्या पाण्यात क्षणभर बुडवा, घासू नका. जमलं तर तिथंच जागेवर बसवा. नाहीतर दुधात टाका आणि तासाभरात डॉक्टरकडं पोचा, अर्ध्या तासात पोचलात तर आणखी चांगलं. दूध आपल्याकडं कुठंही मिळतं, त्यामुळं सबब नाही. दुधाचा दात पडला तर तो परत बसवायचा नाही. अपघात कामावर झाला असेल तर त्याची कारखान्यात लेखी नोंद करायला लावा.

सूज वाढत असेल तर : सूज जबड्याखाली, गळ्याकडं किंवा डोळ्याकडं चालली, तोंड उघडेना, गिळता येईना, ताप भरला, श्वासाला जड वाटायला लागलं तर सकाळची वाट बघू नका. दाढेतला पू गळ्यात उतरून जिवावर बेतू शकतं. थेट मोठ्या रुग्णालयात जा किंवा १०८ ला फोन करा.

हे समज डोक्यातून काढा

वरची दाढ काढली की नजर जाते : खोटं. दाताची नस आणि डोळ्याची नजर यांचा तसा संबंध नाही.

गरोदरपणात दात दाखवायचे नसतात : उलट दाखवायला पाहिजेत. साध्या उपचाराला चौथा ते सहावा महिना सोयीचा. सूज किंवा ठणका असेल तर कोणत्याही महिन्यात डॉक्टर इलाज करतात.

दुधाचे दात पडणारच, मग उपचार कशाला : मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. त्या लवकर गेल्या तर मूल नीट खात नाही आणि मागून येणारे दात वेडेवाकडे येतात.

म्हातारपणी दात जायचेच : वयामुळं दात जात नाहीत. कीड आणि हिरडीच्या आजारानं जातात, आणि दोन्ही आधी पकडता येतात.

थोडक्यात

वर्षातून एकदा, जमलं तर दोनदा, काही दुखत नसताना दात दाखवा. एका दिवसात घरातल्या सगळ्यांचे दाखवता येतात. गार पाण्यानं कळ आली तर त्याच आठवड्यात जा, ती दाढेनं दिलेली शेवटची स्वस्त सूचना असते. रूट कॅनल सुरू केलं तर कॅपपर्यंत पूर्ण करा. ईएसआय कापला जात असेल तर तो वापरा. आणि कारखान्यात आरोग्य शिबिर लागलं की रक्तदाब-साखरेबरोबर दातांचाही डॉक्टर बोलवा, अशी मागणी कामगारांनी ऑफिसकडं करायला हरकत नाही.